ओली पट्टी

जिन्यात भेटणारी माणसं मला अजून विचारतात, आजी, या वयात एवढ्या ताठ कशा चालता? गुडघे नाहीत का दुखत? दात स्वतःचेच? पहिल्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई तर एकदा वही घेऊनच वर आली. म्हणाली, काय काय खाता ते सांगा, मी लिहून घेते. मी तोंड उघडायच्या आत ताई आतून म्हणाली, "अल्कलाइन. अठरा वर्षं झाली, ती दुसरं काही खात नाही." त्या बाईने ते लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मी नुसती हसले. मला त्या वेळी भाऊजींचा आवाज ऐकू येत होता.

भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. या इमारतीच्या तळाशी जी बेकरी आहे ती त्यांची. चाळीस वर्षं ते तिथे भट्टीसमोर उभे होते. कोपरापर्यंत हातांवर एक केस नव्हता, सगळे भट्टीने खाऊन टाकलेले. पाव भाजला की नाही हे ते रंगावरून ठरवत नसत. पाव उलटा करायचा, त्याच्या पाठीवर बोटाने टकटक करायचं आणि कान द्यायचा. पोकळ आवाज आला की झाला. अजूनही पहाटेचा तो वास आला की मला वाटतं, आता खालून त्यांचं हसणं ऐकू येईल. ते हसले की मैद्याच्या पोत्याशी बसलेलं मांजर उठून जायचं.

मला ते 'निळी' म्हणत. मी कापड रंगवायच्या कारखान्यात होते, तेहेतीस वर्षं, आणि माझ्या नखांच्या कडा निळ्या राहिलेल्या होत्या त्या अजून पुसल्या गेलेल्या नाहीत. माझं काम हौद तपासायचं. रंगाच्या पाण्यात आम्ल किती, सोडा किती, हे दर तासाला बघायचं. कागदाची एक पट्टी असते. ती पाण्यात बुडवायची, रंगांच्या तक्त्याशी धरायची आणि दहा मोजायच्या आत वाचायची. पिवळी म्हणजे आंबट, हिरवी म्हणजे मधलं, निळी म्हणजे सोडा. सगळी कला त्या दहामध्ये होती. पट्टी ओली असतानाच खरं बोलते. वाळली, तिला हवा लागली, की भलतंच सांगायला लागते. एकदा एका नव्या बाईने सहा हौदांच्या पट्ट्या खिडकीत ओळीने ठेवल्या, म्हणाली सगळ्या एकदमच वाचते. त्या दिवशीचं सगळं कापड चट्ट्यापट्ट्यांचं निघालं. रंगमास्तरांनी ते तिच्या खांद्यावर टाकलं आणि सांगितलं, हे नेसून घरी जा. ती परत आली नाही.

मी लग्न केलं नाही. म्हणजे विचारायला एक जण आला होता, जमीन मोजणारा, बरा होता, पण त्याला नाही म्हणायचं काम ताईने केलं. माझ्या वतीने. ताई शाळेत शास्त्र शिकवायची आणि ती कधी चुकत नसे. लहानपणी पाढे तिचे बरोबर, रस्ता तिचा बरोबर, आईला कुठलं औषध द्यायचं तेही तिलाच ठाऊक. मी कारखान्यातून निवृत्त झाले, खोली सोडावी लागली, आणि पंधरा दिवसांसाठी म्हणून ताईच्या मागच्या खोलीत आले. पंधरा दिवस झाल्यावर ताई म्हणाली, "राहा हो. पण काहीतरी कामाला ये."

येताना मी कारखान्यातून एकच वस्तू उचलली होती. पट्ट्या. लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरून. डब्या मुद्दामच घेतल्या नाहीत, त्यांच्यावर कारखान्याचा शिक्का होता. कशाला आणल्या ते मलाही सांगता आलं नसतं. सवय म्हणा.

त्याच वर्षी भाऊजींचे पाय सुजायला लागले. डॉक्टरने सांगितलं, मूत्रपिंडं थकलीत, मीठ कमी करा, दर महिन्याला रक्त तपासा, आणि वजन उतरू देऊ नका. बेकरी त्यांनी जाड्याच्या हातात दिली. जाड्या म्हणजे त्यांच्या हाताखाली तीस वर्षं पीठ मळणारा कारागीर. पन्नाशीचा आणि काडीसारखा बारीक, म्हणूनच जाड्या. तो रोज सकाळी पहिल्या भट्टीतला एक पाव फडक्यात गुंडाळून वर आणून द्यायचा.

आणि मग ताई एका व्याख्यानाला गेली. निवृत्त शिक्षकांच्या मंडळात कोणी एक माणूस आला होता. त्याने सांगितलं, सगळे रोग आंबट शरीरात होतात. शरीर अल्कलाइन करा, मूत्रपिंडं पुन्हा तरुण होतील. ताई घरी आली ती पुठ्ठा घेऊनच. संध्याकाळपर्यंत जेवणाच्या टेबलाशी तक्ता लागला. डावीकडे लाल पेन्सिलीने 'आम्ल', उजवीकडे हिरवीने 'अल्क'.

"अहो, ऐकलंत का? पाव डावीकडे आहे."

"कुठल्या डावीकडे?"

"आम्लात. सगळ्यात वर."

भाऊजींनी चष्मा लावला, तक्त्यापाशी जाऊन वाचलं. "आणि लिंबू?"

"लिंबू उजवीकडे."

"म्हणजे लिंबू आंबट नाही आणि माझा पाव आंबट? बाई, तुमच्या वर्गातली पोरं पास कशी होत होती हो?"

मी खूप हसले. ताई हसली नाही. "पोटात गेल्यावर बदलतं ते. तुम्हाला नाही कळायचं. त्या माणसाने सांगितलंय, रोज सकाळी लघवी तपासायची, त्यावरून सगळं समजतं. पट्ट्या कुठे मिळतात ते बघायला हवं."

मी उठले आणि बरणी आणून टेबलावर ठेवली. ताईने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. "अगं! तू तर अगदी कामाची निघालीस!" त्या रात्री मी तिला रंगीत पेन्सिलींनी रंगांचा तक्ता काढून दिला. पाठच होता मला. कारखान्यातल्या तक्त्याच्या तळाशी एक ओळ छापलेली असे: ओली असताना वाचावी. ती मी लिहिली नाही. तेव्हा खरंच विसरले.

पहिले चार दिवस मीच शेजारी उभी राहून वाचून दाखवलं. मग ताईने आपली पद्धत बसवली. भाऊजींनी सहाला पट्टी भिजवायची आणि बशीत ठेवायची. ताई अंघोळ करणार, कुंड्यांना पाणी घालणार, आणि नऊला चष्मा लावून, शाळेच्या वह्या तपासायला बसावं तशी बसणार. पट्टी वहीत चिकटवायची, तारीख घालायची, शेजारी शेरा.

"ताई, ती ओली असतानाच—" मी म्हटलं.

"तू मध्ये बोलू नकोस. तुझ्या कारखान्यात चिंध्या होत्या, इथे माणूस आहे."

मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. तिसऱ्या दिवशीही. वाळलेली प्रत्येक पट्टी पिवळीच दिसायची आणि ताई शेजारी लिहायची, 'आम्ल. प्रयत्न कमी.' मी समोर बसून ते बघत असे. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा ताई चुकत होती, रोज नऊ वाजता, लाल पेन्सिलीने, आणि ते जगात फक्त मला माहीत होतं. त्याला एक चव होती. तक्त्यावर ती कुठल्याच बाजूला नव्हती.

पिवळी पट्टी आली की ताई डावीकडचं काहीतरी बंद करायची. आधी पाव. मग अंडी, दूध, चहा. मग डाळ. मग भात. उरलं काय, तर काकडी, पालकाचा रस, टोमॅटोचा रस, केळी आणि उकडलेल्या भाज्यांचं पाणी. टेबलावर दोन जेवणं नकोत म्हणून आम्हीही तेच खात होतो. महिन्याची रक्ताची तपासणी ताईने बंद केली. "सुया कशाला टोचून घ्यायच्या? रोजची पट्टी आहे ना." जाड्या पाव घेऊन वर आला की ती दारातूनच परत पाठवायची.

"वहिनी, मालकांना वास तरी घेऊ द्या."

"वास डावीकडेच आहे."

भाऊजी खिडकीशी बसू लागले. खाली भट्टी उघडली की वास सरळ त्या खिडकीत यायचा. कमरेच्या पट्ट्याला त्यांनी खिळ्याने एक भोक पाडलं, मग दुसरं. सुरुवातीला थट्टा करायचे. "निळे, आज वाढदिवस आहे वाटतं, काकडी सोलून दिलीये." पुढेपुढे थट्टाही कमी झाली. त्यांना वाटायला लागलं होतं की हिरवी पट्टी आली की ताई सुटका करेल. तिने तसं कबूलच केलं होतं. "लागोपाठ सात दिवस हिरवी आली की पावाचा एक तुकडा." त्या तुकड्यासाठी ते परीक्षेला बसलेल्या पोरासारखे पट्टी बशीत ठेवायचे, आणि नऊला ताईच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहायचे. मी ताईच्या चेहऱ्याकडे बघत नसे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असे.

सातव्या महिन्यात एका सकाळी पट्टी निळी आली. गडद, मोरपंखासारखी.

ताईने चष्मा पुसून पट्टी पुन्हा बघितली. तिने वहीत लिहिलं, 'उत्तम!' आणि नवऱ्याच्या गालावर हात फिरवला. भाऊजी हसले. इतक्या महिन्यांनी तो जुना आवाज आला. दुसऱ्या दिवशी निळी, तिसऱ्याही दिवशी निळी. ताई म्हणाली, "चारच दिवस राहिले हं."

मी वही ओढून घेतली. असा निळा मी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिला होता, सोड्याच्या हौदात. बेकरीत सोडा पोत्याने असतो. जाड्याने पुडी दिली असणार, फडक्यातून, दारातल्या दारात.

आता कुणी म्हणेल, मी तिथे गप्प बसायला हवं होतं. इतके महिने बसलेच होते की. पण पट्टी हा माझा विषय होता. ताई चुकलेली मला चालत होती. माझ्या पट्टीवर दुसऱ्या कुणी तिला फसवलेलं मात्र चाललं नाही. मी म्हणाले, "ताई, असा निळा माणसाचा येत नाही. हा सोडा आहे."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पाव भट्टीतून काढताना हातातून निसटून राखेत पडला की ते तसं बघायचे.

ताईने काही आरडाओरडा केला नाही. वर्गातही तिने कधी आवाज चढवला नव्हता. तिने सुताराला बोलावून न्हाणीघराची कडी काढून टाकली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला ती दारात उभी राहायची, दार उघडं ठेवून, हातात बशी घेऊन. एकाहत्तर वर्षांचा माणूस पाठमोरा उभा. "करा. मी कुठे परकी आहे?" भीतीने त्यांना होत नसे. मग ती नळ सोडायची आणि वाट बघायची. वहीत तीन दिवसांच्या 'उत्तम'वर तिने काट मारली आणि लिहिलं, 'लबाडी'. सात दिवसांची अट चौदावर गेली. जाड्याला तिने जिन्यात पाय ठेवायला बंदी केली.

दहाव्या महिन्यातली एक दुपार. ताई मंडळात गेली होती. भाऊजी खिडकीशी, मी शेजारी भाजी निवडत होते. मग ते म्हणाले, "निळे, एक विचारू? तू हौद सांभाळलेस. पट्टी कधी वाचायची असते गं? ही नऊला वाचते. तोवर वाळून जाते ती. त्याने काही फरक पडतो का?"

एवढा सरळ प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नसेल. हो म्हटलं असतं तर संध्याकाळी ताईने मला विचारलं असतं, मग इतके महिने तू काय करत होतीस? मागची खोली डोळ्यांसमोर आली. माझी बॅग अजून पलंगाखालीच होती.

"नाही," मी म्हटलं. "कधीही वाचली तरी चालते."

त्यांनी मान हलवली. "तुला माहीतच असणार. म्हणजे मीच आंबट." मग त्यांनी सदऱ्याचं बटण काढलं, बोट वाकवलं आणि स्वतःच्या बरगड्यांवर टकटक केलं. "ऐक. पोकळ वाजतोय. झाला भाजून. काढायला सांगा आता."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी पालकाचे देठ मोडत राहिले.

"निळे, पावाचं टोक आणशील? खालून. नुसतं टोक. ताई यायला तास आहे. मी चावणारही नाही, तोंडात धरून ठेवेन."

मी गेले. खरंच आणायला गेले. जाड्याने काही विचारलं नाही, ताज्या पावाचं टोक कापलं, कागदात गुंडाळलं आणि माझ्या हातात ठेवताना म्हणाला, "मालकांना सांगा, आजचं पीठ त्यांच्या हातासारखं आलंय." दुसऱ्या जिन्यावर मी कागद उघडला. मीही दहा महिने काकडीवर होते. पहिला घास घेतला तो फक्त गरम आहे का बघायला. मग कडा सरळ करायला दुसरा. मग एवढासा तुकडा काय द्यायचा त्यांना, असं वाटलं, आणि उरलेलाही खाल्ला. भिंतीला टेकून, डोळे मिटून. तेवढा चांगला पाव मी त्याआधी खाल्ला नव्हता आणि नंतर मला मिळाला नाही.

वर गेले. ते दाराकडे तोंड करून बसले होते.

"भट्टी बंद होती," मी म्हटलं.

खिडकीतून वास येतच होता. खोली भरली होती त्याने.

"हो का," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "ओठाच्या कोपऱ्यात लागलंय तुझ्या. पूस. ताई येईल."

त्यानंतर नवव्या दिवशी ते न्हाणीघरात पडले. ताई दारातच उभी होती, म्हणून डोकं आपटलं नाही. रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने त्यांचा हात उचलला, कातडी चिमटीत धरून सोडली, तर चुणी तशीच राहिली. रक्ताचा कागद आला. तिने विचारलं, "हे काय खात होते?"

ताईने सगळं सांगितलं, तक्त्यासकट, एकही चूक न करता. डॉक्टरीण ऐकत होती. मग म्हणाली, "आजी, यांची मूत्रपिंडं आधीच थकलेली. हे रस, ही केळी, त्यातलं पोटॅशियम बाहेर पडायला जागाच नव्हती. ते हृदयावर गेलं. आणि बाकी माणूस उपाशी आहे. रक्ताचं आंबट-अल्कलाइन शरीर आपलं आपण सांभाळतं, ते जेवणाने हलत नाही. लघवीवरून ते कळतही नाही. रक्त तपासायला का नाही आणलंत?"

"मी रोज तपासत होते," ताई म्हणाली आणि पिशवीतून वही काढली. घरून निघतानाही ती वही विसरली नव्हती.

डॉक्टरणीने पानं उलटली. दहा महिन्यांच्या पिवळ्या पट्ट्या, तारखा, शेरे. "या वाळल्यावर वाचल्यात? मग यांना तसाही काही अर्थ नाही. ओल्या असताना वाचतात या, काही सेकंदांत. डबीवर लिहिलेलं असतं. डबी कुठेय?"

"डबी नव्हती," ताई म्हणाली. "बरणी होती."

आणि तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तेव्हा घड्याळ बघायला मी भिंतीकडे वळले, पण त्या भिंतीवर घड्याळ नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भाऊजी गेले. शेवटपर्यंत शुद्धीवर होते अधूनमधून. मी पलंगाशी बसलेली असताना एकदा त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि पुन्हा मिटले. ताईला त्यांनी त्या दुपारचं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मला कळलं असतं.

माणसं आली, गेली. ताई रडली नाही, मला एक शब्द विचारला नाही. मी बॅग पलंगाखालून काढून भरायला घेतली. ताई दारात आली, म्हणाली, "कुठे निघालीस? राहा हो." आणि बॅग माळ्यावर टाकली. ती अजून तिथेच आहे.

पुढच्या सोमवारी सकाळी सहाला तिने मला उठवलं. न्हाणीघराला कडी नव्हतीच. ती दारात उभी होती, हातात बशी. बशीत एक पट्टी. बाजारातून विकत आणलेली डबी तिने कोनाड्यात ठेवली होती, सूचनेखाली लाल पेन्सिलीने रेघ मारून, मला दिसेल अशी.

"कर," ती म्हणाली. "मी कुठे परकी आहे?"

मी पट्टी तिच्या हातात दिली. ती मोठ्याने मोजायला लागली. एक. दोन. तीन. सावकाश. दहा व्हायच्या आत तिने वाचली आणि वहीत लिहिलं. वही तीच, पुढचं पान.

नऊ वाजता टेबलावर माझ्यासमोर ताट आलं. काकडी, पालक, उकडलेल्या भाज्यांचं पाणी. रस आणि केळी नाहीत. डॉक्टरणीचं तिने नीट ऐकून घेतलं होतं. मला मारायचं नव्हतं तिला. समोरच्या खुर्चीत ती बसली. जाड्या वर आला, आता ताईनेच बोलावलेला, फडक्यात पाव. तिने तो हातात घेतला, उलटा केला, पाठीवर बोटाने टकटक केलं, कान दिला. मग टोक कापलं आणि माझ्याकडे बघत हळूहळू खाल्लं.

अठरा वर्षं झाली. जाड्याही आता म्हातारा झालाय, त्याचा पुतण्या पाव आणून देतो. ताई चौऱ्याऐंशीची आहे, हात कापतात, पण दहाचं मोजणं अजून चुकत नाही.

मागच्या हिवाळ्यात मी एकदा विचारलं. पहिल्यांदाच. "ताई, कितीतरी दिवस हिरवीच येतेय ना गं?"

"हिरवीच येतेय," ती म्हणाली आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. "खा."